चांगुलपणाचे गणित

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तत्त्वज्ञानाच्या वाटेला मी खरे तर जावयास नको होते. पण नांदेडात राहणाऱ्या शिक्षकाला हा मोह टाळणे कठीण. येथल्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकविणारे आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांनी मूल्यांची चर्चा या गावाच्या अंगवळणी पाडली. त्या ओढीनेच रॉबर्ट हार्टमन यांचा ‘द स्ट्रक्चर ऑफ व्हॅल्यू’ हा १९६७ चा ग्रंथ मी शब्दकोश हाताशी घेऊन वाचला.

हार्टमन १९१० साली बर्लिनमध्ये जन्मले आणि नाझी राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला. दुष्टपणा इतक्या शिस्तीने संघटित होतो, तर चांगुलपणाचेही शास्त्र का असू नये, हा त्यांचा ध्यास. त्यांचे सूत्र साधे आहे: आपल्या कल्पनेत जे गुण अभिप्रेत असतात, ते सगळे ज्या वस्तूत असतील ती वस्तू चांगली. नांगराला चालतो, दमत नाही, मारकुटा नाही, तो बैल चांगला.

पुढे ते मोल करण्याच्या तीन तऱ्हा सांगतात. पहिली नियमाची: दाखल्यावर ‘बैल, एक’ एवढेच असते. दुसरी उपयोगाची: बाजारात दात पाहून किंमत ठरते. तिसरी स्वयंमूल्याची: थकलेल्या बैलाचे बाजारात काही येत नाही, तरी पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लागतो, कारण तो आपल्या घरचा. हार्टमन म्हणतात, तिसरी पायरी सर्वांत वरची; वरच्याला खालच्या मापाने मोजले की अनर्थ होतो.

या कसोटीवर आमच्या शाळांतील परिपाठाची मूल्ये घासून पाहावी. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशी ती दहांची यादी. नखे कापणे आणि दुसऱ्याचे दुःख जाणणे एकाच रांगेत उभे! पोरे ती घडाघडा म्हणतात. पायऱ्यांचा हा विवेक शिकविणे, हे हार्टमन यांचे मोठेच देणे होय.

पण मौज अशी की, त्यांच्या गणिताचाही पुढे व्यवहार झाला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या चाचणीत अठरा-अठरा विधानांच्या दोन याद्या चांगल्याकडून वाईटाकडे क्रमाने लावावयाच्या असतात. नोकरीसाठी माणसे निवडतानाही ती वापरली जाते. ज्या माणसाचे मोल अमोल म्हणून सिद्ध केले, त्याचीच पुन्हा निवड-नापसंती! शिवाय कागदावर करुणा पहिली लावणारा रस्त्यावर करुणा दाखवीलच, याची हमी कोण देणार?

माझा खरा आक्षेप मात्र निराळा आहे, आणि तो लातूरकडे बोट दाखवून मांडावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवावयाची ठरली. तेथे नुसते प्रेम पुरते ना. याद्या, नकाशे, नियमच लागत. हार्टमन ज्या पायरीला सर्वांत खालची म्हणतात, तिनेच उघड्यावरच्यांना छप्पर दिले.

मात्र तो नियम कसा होता, तेही पाहा. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर. सात हेक्टरपर्यंत ४००. त्याहून अधिक असेल तर ७५०. मातीखालून काढलेली माणसे सारखीच होती. घर मोजताना सातबारा आडवा आला. ज्याच्याजवळ जास्त त्याला जास्त, हा जुन्या गावाचा हिशेब नव्या गावाच्या पायातच चिणला गेला. मोठ्या शेतकऱ्याला अवजारे, धान्य, जनावरे ठेवावयास जागा लागते, हे मान्य. पण भूमिहीनाच्या घरीही माणसेच निजतात, आणि ती जमिनीच्या मानाने लहान-मोठी नसतात.

म्हणून वाचकहो, स्वयंमूल्य हे केवळ वरच्या पायरीवर बसवून पूजावयाचे दैवत नव्हे. ते खाली उतरून नियमात, यादीत, चौरस फुटांत दिसले पाहिजे. माणूस अमोल आहे असे म्हणणे सोपे. तो अमोल आहे असे धरून कोष्टक आखणे अवघड. हार्टमन यांनी पायऱ्या उत्तम दाखविल्या. त्या उतरावयाच्या कशा, ते मात्र आमचे आम्हालाच शिकले पाहिजे.