मांडो : गोमंतकाचें प्रेमगीत

गोमंतकाचें प्रेमगीत म्हटलें कीं आमच्या बहुतेक वाचकांस 1973 सालच्या ‘बॉबी’ चित्रपटांतील गोमंतकी ढंगाचें गाणें आठवतें. त्या गाण्याचें मूळ एका देखणींत आहे, आणि ती कार्लुस एउजेनियु फेरैरा (1869–1932) यांच्या नांवावर आहे. पण तिच्यांत प्रणय नाहींच. पैलतीरीं लग्नाला जावयाचें म्हणून कलावंतीण नावाड्याची विनवणी करते आणि त्याला अंगावरचे दागिने देऊं करते, एवढाच तिचा विषय. गोमंतकाचा प्रणय ऐकावयाचा तर मांडोकडे वळलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत साष्टी तालुक्यांतील ख्रिस्ती भाटकारांच्या दिवाणखान्यांत हा प्रकार वाढला. स्त्रिया एका ओळींत, पुरुष दुसऱ्या ओळींत; स्त्रियांच्या हातीं पंखा; पावलें संथ. साथीला व्हायोलिन आणि घुमट. शब्द कोंकणी, मधून पोर्तुगीजांची पेरणी. विषय तीनच : ओढ, मीलन, विरह, त्यांतहि विरहाचाच पगडा अधिक. लोटलीचे तोर्कातो द फिगेरेदो (1876–1948) यांचा निरोपाचा मांडो आजहि मैफल उठतां उठतां गाइला जातो.

हें सारें परक्यांचें अनुकरण, असा शेरा कांहीं विद्वान् सहज मारतात. आम्हांस तो मान्य नाहीं. स्पॅनिश भाषेंतील बोलेरोचेंच उदाहरण घ्या. क्यूबांतील सांतियागो शहरीं पेपे सांचेस यानें 1883 च्या सुमारास त्याचा आरंभ केला, असें मानतात. तेथेंहि युरोपांतून आलेली गीतरीत आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या तालाला भेटली. 2023 सालीं युनेस्कोनें क्यूबा व मेक्सिको यांचा वारसा म्हणून बोलेरोची नोंद केली. त्याला स्पेनची नक्कल म्हणावयास आज कोणी धजणार नाहीं. मग मातीच्या भांड्यावर कातडें ताणून केलेला घुमट ज्याला ताल देतो, तो मांडो तेवढा उसना कसा?

फरक आहे तो धिटाईचा. मेक्सिकोच्या कॉन्सुएलो वेलास्केस हिनें 1940 सालीं रचलेला प्रसिद्ध बोलेरो उघड उघड चुंबन मागतो. आणि गंमत अशी कीं, तो रचला तेव्हां आपण कोणाचें चुंबनहि घेतलें नव्हतें, असें ती सांगत असे. मांडो इतका पुढें जात नाहीं. बिद्रीच्या बाजूचा रसिक लावणीवर पोसलेला. त्याला मांडो प्रथम मिळमिळीत वाटेल. घाट उतरून तळकोंकण ओलांडलें कीं गोवें, पण कानाला हें अंतर फार लांबचें. लावणीची नायिका मनांतलें बेधडक बोलते, मात्र तें बैठकींत, बिदागी मोजणाऱ्यांपुढें. मांडो नाचणारीं तरुण मुलें घरंदाज. भोंवतीं आईबाप, मावश्या, आत्या बसलेल्या. आणि विवाह ठरावयाचा तो जात, हुंडा व भाटें पाहून. ज्याच्याशीं जन्म काढावयाचा नाहीं, त्याच्या समोर उभें राहून चार कडव्यांपुरतें मन उघडावयाचें! असें असतां स्वर खालचा लागला तर नवल काय? त्या संकोचाला आम्ही काव्याचें दारिद्र्य म्हणणार नाहीं.

दारिद्र्य आहे तें दुसरीकडे. चंद्र, फूल, देवदूत यांपलीकडे मांडोची प्रतिमासृष्टि फारशी सरकत नाहीं. प्रेयसी सदा देवदूतच राहते. ती रुसत नाहीं, प्रश्न विचारीत नाहीं, उलट उत्तर तर देतच नाहीं. आमची लावणीवाली निदान भांडते तरी! शिवाय ज्या कुळांच्या घामावर तो दिवाणखाना उभा, त्यांची चाहूल या गीतांत शोधून सांपडावयाची नाहीं.

म्हणून मांडो एकटा ऐकूं नये. तो संपतांच जलद लयीचें दुलपद सुरू होतें, तेंहि ऐकावें. त्यांत गांवची थट्टा येते, शेजारणीचें उणेंदुणें येतें, घुमट मोकळा वाजूं लागतो, आणि इतका वेळ पंख्याआड राहिलेलीं माणसें हंसूं लागतात.