‘चर्चा करा, पण स्वतः लिहा’ : गणिताच्या गृहपाठातील एका नियमाची समीक्षा

पदवीच्या पहिल्या वर्षी गणिताच्या तासाला एक सूचना बहुधा तुम्ही ऐकली असेल. ‘गृहपाठाबद्दल आपापसात चर्चा करायला हरकत नाही, मात्र उत्तर प्रत्येकाने स्वतः लिहावे.’ अनेक ठिकाणी तिला जोडून असेही सांगतात की ज्यांची मदत घेतली त्यांची नावे उत्तराच्या शेवटी लिहावीत. काही वर्गांत इतकेही सांगितले जात नाही. ‘कॉपी करू नका’ एवढ्यावर विषय संपतो.

या टिपणात आपण हा नियम तपासणार आहोत. नियम चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चर्चा केव्हा करायची, हे तो सांगत नाही. त्यामुळे सगळे उतरवून घेणारा विद्यार्थी आणि कोणालाच काही न विचारणारा विद्यार्थी, या दोघांनाही त्याचा उपयोग होत नाही.

१. नियमामागची भूमिका

गणित एकट्याने करायचा विषय आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात ठरवणारी रीत शोधली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. हार्डी आणि लिटलवुड यांनी तर काही दशके एकत्र काम केले. मग विद्यार्थ्यांनीच एकत्र का बसू नये?

हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यात एक फरक नजरेआड होतो. संशोधनात उत्तर कोणालाच माहीत नसते आणि ते हवे असते. गृहपाठात उत्तर शिक्षकांकडे आधीच असते. तुमच्या वहीतल्या उत्तराची खरे तर कोणालाच गरज नाही. गरज आहे ती ते शोधताना तुमच्यात होणाऱ्या बदलाची. दोन संशोधकांनी काम वाटून घेतले तर प्रमेय पूर्ण होते. दोन विद्यार्थ्यांनी दहापैकी पाच-पाच प्रश्न वाटून घेतले तर दोघांचेही शिक्षण अर्धे राहते.

२. मदत कोठे थांबते? एक उदाहरण

वास्तव विश्लेषणातील एक नेहमीचा प्रश्न घ्या : प्रत्येक अभिसारी क्रमिका परिबद्ध असते, हे सिद्ध करा. म्हणजे क्रमिकेची पदे एखाद्या सीमेकडे जात असतील, तर सर्व पदांची केवल मूल्ये कोणत्या तरी एका संख्येच्या आत राहतात, हे दाखवायचे आहे.

सिद्धता छोटी आहे. व्याख्येतील एप्सिलॉन १ घ्या. मग एका ठरावीक पदानंतरची सर्व पदे सीमेपासून १ पेक्षा कमी अंतरावर असतात. म्हणून त्यांची केवल मूल्ये सीमेच्या केवल मूल्यात १ मिळवून येणाऱ्या संख्येपेक्षा लहान असतात. त्याआधीची पदे मोजकीच आहेत. त्यांची केवल मूल्ये आणि वरची संख्या यांतील सर्वांत मोठी संख्या निवडली की काम झाले.

आता समजा तुम्ही अडकला आहात आणि मैत्रीण म्हणते, ‘सुरुवातीची पदे आणि नंतरची पदे वेगवेगळी बघ.’ ही मदत आहे. पुढचे सगळे तुम्हालाच करायचे आहे. तिने तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि तुम्ही चार ओळी उतरवल्या, तर मदत तेथेच संपली.

दोन्ही वह्यांतले उत्तर सारखेच दिसेल. फरक पुढच्या प्रश्नांतून कळतो. एप्सिलॉन १ ऐवजी ५ घेतला तर चालेल का? (चालेल.) सरळ सर्वच पदांमधली सर्वांत मोठी संख्या का निवडत नाही? (अनंत पदांत सर्वांत मोठे पद असेलच असे नाही.) उलट विधान खरे आहे का? (नाही. १, −१, १, −१ अशी क्रमिका परिबद्ध आहे, पण अभिसारी नाही.) सूचना घेऊन स्वतः लिहिणारा या प्रश्नांशी निदान झगडू शकतो. उतरवून घेणाऱ्याला यात प्रश्न काय आहे हेच समजत नाही.

३. ट्राइसमन यांचा अभ्यास : काय सिद्ध झाले, काय नाही

एकत्र अभ्यासाच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा दाखला युरी ट्राइसमन यांचा आहे. १९७० च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी कलनशास्त्र शिकणाऱ्या २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा जवळून अभ्यास केला. पहिल्या गटातले पुष्कळ विद्यार्थी मागे पडत होते. त्याचे कारण प्रेरणेचा अभाव, कच्चा पाया, घरचा पाठिंबा नसणे किंवा गरिबी असावे, असा शिक्षकांचा अंदाज होता. ट्राइसमन यांना यातले एकही कारण पुरेसे वाटले नाही. त्यांना दिसले ते असे : कृष्णवर्णीय विद्यार्थी शिक्षकांनी सांगितले तेवढे, म्हणजे आठवड्याला सुमारे ८ तास, मनापासून अभ्यास करत होते, पण जवळजवळ सगळेच एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी सुमारे १४ तास देत. त्यांतले ८ ते १० तास ते एकटे बसत आणि मग संध्याकाळी एकत्र येऊन उत्तरे पडताळत, एकमेकांना प्रश्न विचारत आणि एकमेकांचे इंग्रजीही तपासत.

यातील शेवटची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. तुमच्यापैकी अनेक जण मराठीत, तमिळमध्ये किंवा हिंदीत विचार करतात आणि पेपर इंग्रजीत लिहितात. सिद्धता समजली आहे पण ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ यांची इंग्रजी वाक्ये उलटसुलट झाली, म्हणून गुण गेले, असे घडते. आपल्या भाषेत बोलून पाहिलेली सिद्धता नंतर इंग्रजीत नेमकी मांडणे हे काम मित्राच्या सोबतीने चांगले होते. त्याला कॉपी म्हणता येणार नाही.

या निरीक्षणावरून बर्कलीत कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांत सोपे प्रश्न देऊन उजळणी करून घेतली जात नसे. कठीण प्रश्न दिले जात आणि विद्यार्थी गटात काम करत. निकाल लक्षणीय सुधारले.

मात्र या अभ्यासाचा ‘गटात बसा म्हणजे गणित येते’ असा जो सारांश केला जातो, तो त्याला धरून नाही. यशस्वी विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ एकट्याचाच होता. शिवाय ८ तास आणि १४ तास यांत मोठे अंतर आहे. सुधारणेतला किती वाटा सोबतीचा आणि किती वाटा जास्त तासांचा, हे ४० विद्यार्थ्यांच्या निरीक्षणातून वेगळे काढता येत नाही. त्यातून ठामपणे घेण्यासारखे आहे ते एवढेच : एकट्याने झगडून आलेल्यांची चर्चा फळते.

४. दुसरे टोक : मूर यांची पद्धत

टेक्सास विद्यापीठातील आर. एल. मूर यांनी १९२० ते १९६९ या काळात नेमके उलटे केले. ते व्याख्या आणि प्रमेये देत. पुस्तक पाहायचे नाही, वर्गाबाहेर कोणाशी बोलायचे नाही, सिद्धता स्वतः शोधून फळ्यावर मांडायची. या पद्धतीतून मेरी एलन रुडिन यांच्यासारख्या मोठ्या गणिती घडल्या, हे मान्य करायला हवे.

पण कोण घडले याबरोबर कोण बाहेर राहिले, हेही विचारावे लागते. मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात प्रवेश नाकारला, ही नोंदलेली गोष्ट आहे. तो दोष पद्धतीचा नव्हे, माणसाचा, असे कोणी म्हणेल. तरी एक मर्यादा पद्धतीचीच आहे. अडकलेल्याला ती थांबण्यापलीकडे काही देत नाही. ज्याला आधीच आत्मविश्वास आहे तो थांबू शकतो. घरातला पहिलाच पदवीधर होणारा विद्यार्थी मात्र ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ असा निष्कर्ष काढून विषय बदलतो.

५. गुणांचा प्रश्न

येथे शिक्षकांकडेही बोट दाखवावे लागेल. गृहपाठाला अंतर्गत गुण असतील, प्रश्न दरवर्षी तेच असतील आणि वही फक्त सही करण्यापुरती पाहिली जात असेल, तर उतरवणे हा विद्यार्थ्याने लावलेला सरळ हिशोब आहे. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक असाइनमेंटला २५ टक्के आणि देखरेखीखालील परीक्षेला ७५ टक्के भार असतो. अशा विभागणीने उतरवण्याचा मोह कमी होतो, पण गृहपाठ निरुपयोगी आहे असा संदेशही जाऊ शकतो. त्यापेक्षा वहीतल्याच एका प्रश्नावर पाच मिनिटे तोंडी विचारणे अधिक न्याय्य आहे.

वही देणाऱ्याचाही विचार करू. ‘नाही’ म्हटले तर मैत्री तुटेल, या भीतीने हुशार विद्यार्थिनी वही देते. तिला नियमात काहीच आधार नाही. ‘वही देणार नाही, पण संध्याकाळी अर्धा तास बसू’ असे म्हणायची सोय नियमानेच करून द्यायला हवी.

६. नियम पुन्हा लिहिताना

तेव्हा हा नियम असा लिहावा, असे सुचवतो :

पहिले, प्रत्येक प्रश्नावर आधी एकट्याने किमान अर्धा तास द्या आणि नेमके कोठे अडलो ते एका वाक्यात लिहा.

दुसरे, ते वाक्य घेऊन चर्चेला जा. ज्याच्याकडे असे वाक्य नाही, त्याच्यासाठी ती चर्चा नव्हे, उत्तराचे वाटप आहे.

तिसरे, चर्चेनंतर सर्व कागद आणि मोबाईल बाजूला ठेवून सिद्धता स्वतः लिहा. मध्येच अडलात तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

चौथे, कोणाकडून कोणती कल्पना मिळाली ते लिहा. ही कबुली नव्हे. संशोधक आपल्या लेखात आभार मानतात, तशीच ही नोंद आहे. संगणकाकडून उत्तर मिळाले असेल तर तेही लिहा.

हा क्रम पाळला तर एखाद्या आठवड्यात दहापैकी सातच प्रश्न सुटतील. ते सात तुमचे असतील, आणि उरलेल्या तिन्हींत कोठे अडले हे तुम्हाला सांगता येईल. उतरवलेल्या दहा उत्तरांच्या वहीपेक्षा अशा वहीला जास्त गुण देण्याची तयारी शिक्षकांनी दाखवली पाहिजे. तोपर्यंत निदान तुम्ही तरी आपल्या वहीचे मोल याच मापाने करा. सत्राच्या शेवटी पेपर समोर येतो तेव्हा बाजूला कोणाचीच वही नसते.