थेंब जीवनसत्त्वाचे की तेलाचे?

सर्दी जाते, नाक मोकळं होतं, पण वास परत येत नाही. कोविडनंतर इथे ब्रिटनमध्ये अशी माणसं आपल्याही ओळखीत निघाली. फोडणी करपली तरी त्यांना पत्ता नाही, आणि गॅस सुटला तर? त्यामुळे ‘नाकात अ जीवनसत्त्वाचे थेंब घाला’ हा सल्ला आशेने पुढे पाठवला जातो. तो तपासूनच घ्यायला हवा.

या आशेला मोठा आधार ड्रेस्डेनच्या वास-चव क्लिनिकमधल्या २०१७च्या अभ्यासाचा. रुग्ण १७०. त्यांतल्या १२४ जणांना वास घेण्याच्या सरावासोबत आठ आठवडे रोज दहा हजार युनिट अ जीवनसत्त्व नाकातून दिलं; ४६ जणांना नुसता सराव. संसर्गामुळे वास गेलेल्यांपैकी थेंब घेणारे ३७ टक्के सुधारले, न घेणारे २३ टक्के. सांगताना ३७ लक्षात राहतो आणि २३ गळतो. म्हणजे थेंबांशिवायही जवळजवळ चौघांतला एक सुधारलाच होता!

शिवाय ही जुन्या नोंदींची मागे वळून केलेली तुलना होती. दुसऱ्या गटाला कोणतेच थेंब नव्हते. अ जीवनसत्त्व विरघळतं तेलात, आणि नाकात तेल-तूप सोडणं आपल्याकडे नस्य म्हणून जुनंच आहे. मग गुण कशाचा, जीवनसत्त्वाचा, तेलाचा, की रोज काहीतरी करतोय या समाधानाचा?

नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या ‘अपोलो’ चाचणीची आखणी म्हणूनच मला जास्त प्रामाणिक वाटते. एका गटाला जीवनसत्त्वाचे थेंब, दुसऱ्याला नुसतं शेंगदाण्याचं तेल, बारा आठवडे. पुढे एमआरआयमध्ये गुलाबाचा आणि सडक्या अंड्याचा वास देऊन मेंदू काय करतो ते पाहायचं. खटकतं ते एवढंच, की मेंदूतल्या गंधकंदाचा आकार वाढणं हा संशोधकांचा निकष. रुग्णाला मात्र आमटीचा वास हवा असतो.

तोवर घरच्या घरी कॅप्सूल फोडून नाकात पिळू नये. अ जीवनसत्त्व अंगात साठतं, आणि गरोदरपणात जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. सराव मात्र कुणालाही करता येतो: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा, काही महिने. त्यातलं लवंग-लिंबू तर आपल्या ओट्यावरच असतं.