त्र्याहत्तर टक्के म्हणजे नेमके काय?

‘जागतिक जैवविविधतेतील बदल’ या विषयासाठी विद्यापीठाने संशोधक नेमला, की तो रानोमाळ हिंडत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ संगणकापुढे जातो. जगभरात इतरांनी केलेल्या नोंदी मिळवायच्या, त्या एका साच्यात बसवायच्या आणि त्यांतून कल शोधायचा, असे हे काम असते. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘बायोटाइम’ हा नोंदसंग्रह याच प्रकारचा. या कामाचे मोल आम्ही मानतो. मात्र त्यातून निघालेले आकडे वर्गापर्यंत पोचेतो त्यांचा अर्थ बदललेला असतो. म्हणून त्यांची थोडी चिकित्सा करू.

यांतला सर्वांत गाजलेला आकडा ‘लिव्हिंग प्लॅनेट’ निर्देशांकाचा आहे. २०२४ च्या अहवालानुसार १९७० ते २०२० या काळात हा निर्देशांक ७३ टक्क्यांनी घसरला. त्यासाठी ५,४९५ पृष्ठवंशीय जातींच्या सुमारे ३५,००० समूहांच्या नोंदी वापरल्या होत्या. यावरून ‘जगातले ७३ टक्के प्राणी नाहीसे झाले’ असे म्हणणे चूक आहे. कसे, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, दोन तळी आहेत. पहिल्यात १,००० बदके होती, त्यांतली ९५० उरली. दुसऱ्यात २० होती, एकच उरले. एकूण १,०२० पैकी ९५१ उरली, म्हणजे घट सुमारे ७ टक्के झाली. आता दोन्ही तळ्यांना सारखे महत्त्व देऊन उरलेल्या प्रमाणांचा, म्हणजे ०.९५ आणि ०.०५ यांचा, भूमितीमध्य काढा. तो सुमारे ०.२२ येतो. म्हणजे घट ७८ टक्के! दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. निर्देशांकाची रीत दुसऱ्या प्रकारची आहे. समूह सरासरीने किती आकसले, एवढेच तो सांगतो. हे गणित नववी-दहावीची मुले सहज करतील.

अशी सरासरी मोजक्या टोकाच्या नोंदींनी किती ओढली जाते, हे २०२० साली ‘नेचर’मध्ये ब्रायन लेउंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. अतिशय वेगाने घटणारे ३ टक्क्यांहूनही कमी समूह बाजूला ठेवले, तर जागतिक घट दिसेनाशी होते. याचा अर्थ काळजीचे कारण नाही असा नव्हे. संकट सगळीकडे सारखे नाही. काही ठिकाणी ते भयंकर आहे. मग ती ठिकाणे कोणती, हा खरा प्रश्न उरतो.

दुसरा गोंधळ जातींच्या संख्येचा. मारिया डोर्नेलास आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘सायन्स’मध्ये १०० दीर्घकालीन नोंदमालांचा अभ्यास मांडला. एकेका ठिकाणच्या जातींच्या संख्येत सरसकट घट दिसली नाही. पण त्या जाती कोणत्या, हे मात्र बदलत गेले होते.

हे आपल्याकडे कसे दिसेल? हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले साखरा घ्या. समजा, तिथल्या माळाच्या एका तुकड्यावर २० जातींच्या वनस्पती होत्या. त्यांतून मारवेल, पवन्या यांसारख्या सहा गेल्या आणि गाजरगवत, घाणेरी अशा सहा आल्या. संख्या विसाची वीसच राहिली. नुसती बेरीज ठेवणाऱ्याच्या तक्त्यात बदल शून्य. जनावरे चारणाऱ्याला मात्र चारा गेल्याचे पहिल्याच दिवशी कळते. शिवाय अशा जागतिक संग्रहांत युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या नोंदींचा भरणा मोठा असतो. साखऱ्यासारख्या गावाचा माळ जागतिक सरासरीत नसतोच. त्या सरासरीवरून त्याच्याविषयी बोलायचे तरी कसे?

ही उणीव भरून काढण्याचे साधन आपल्याकडे आहे. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक-जैवविविधता नोंदवहीची कल्पना रुजवली आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर ती गावोगावच्या समित्यांचे काम झाली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये दंड सांगितला. मुदतीपायी वही पूर्ण होते, पण एकदाच केलेल्या यादीतून बदल कळत नाही. त्यासाठी त्याच जागी, त्याच रीतीने पुन्हा मोजावे लागते.

सामान्य माणसांच्या नोंदींतून काय साधते, हे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात दिसते. हौशी पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. दीर्घकालीन कल मात्र ३३८ जातींचाच सांगता आला. त्यांतल्या २०४ घटलेल्या आढळल्या. उरलेल्या ६०४ जातींबाबत जुन्या नोंदींची उणीव आडवी आली. ती उणीव आता कोणीही भरून काढू शकत नाही.

उद्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात असे संशोधकपद निघाले, तर आमच्या मते त्याचे पहिले काम संगणकावरचे नसावे. आपल्या क्षेत्रातल्या शाळांना मोजणीची एकच रीत शिकवणे, हे असावे. माळावर खुणा करून एक-एक मीटरचे दहा चौकोन आखा. दरवर्षी पावसाळा संपताना त्यांतल्या वनस्पती नोंदवा. तारीख आणि मोजणाऱ्यांची नावे लिहा. पूर्वी असलेले आणि यंदा न सापडलेले, तेही लिहा. अनोळखी झाडाला अंदाजाने नाव देऊ नका. नमुना वाळवून ठेवा.

आणि ही वही शाळेची असू द्या. शिक्षकाची बदली होते. वहीची होता कामा नये. दहा वर्षांनी साखऱ्याच्या माळाचे काय झाले, असे कोणी विचारले, तर उत्तर त्या वहीतच सापडेल. ७३ या आकड्यात नाही.