उचंत खाते

कॉमर्सच्या पदवीने मला दोनच गोष्टी दिल्या. एक, बँकेतली खुर्ची. आणि दुसरी, पहिल्या फटक्यात जुळणाऱ्या तेरजेबद्दलचा संशय. साडेतीन रुपयांचा फरक निघणे हेच खरे नैसर्गिक. फारच छळ झाला तर तो फरक 'उचंत खाते' नावाच्या धर्मशाळेत उतरवतात. हल्ली हिशेब संगणक करतो, पण उचंत खाते त्यालाही सुटलेले नाही. मात्र तिथे कायमचा मुक्काम ठोकायची सोय नसते. ऑडिटर येतो तो ते पान उघडल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही.

आता विश्वाची तेरीज मांडणाऱ्या मंडळींकडे बघा. जन्म, मृत्यू, सर्दी, महागाई आणि पुतणीचे न जमणारे लग्न, सगळे एकाच तत्त्वज्ञानात बसते. एका पैशाचा फरक नाही! मला तर घामच फुटतो. कारण फरक असतोच. तो 'पूर्वकर्म', 'लीला', 'तुमची अजून तेवढी पातळी नाही' अशा खात्यांत सरकवलेला असतो. आणि तिथे ऑडिटरला मज्जाव.

हा रोग फक्त भगव्या कपड्यांत होतो असे मात्र समजू नका. १९१९ साली व्हिएन्नात तरुण कार्ल पॉपरने मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडलरना एका मुलाची हकीकत सांगितली. अ‍ॅडलरनी मुलगा न पाहताच तिचा उलगडा करून टाकला. इतकी खात्री कशी? तर म्हणे हजारपट अनुभव! तो आता हजार एक पट झाला असेल, असे पॉपर म्हणाला. काहीही घडले तरी जो सिद्धान्त चुकूच शकत नाही, ते त्याचे बळ नसून दुबळेपण, हे त्याने पुढे जगाला शिकवले. माणूस बँकेत चांगला चालला असता.

आपल्या पुण्याच्या कोरेगाव पार्कातून १९८१ साली अमेरिकेत गेलेल्या रजनीशांचेच बघा. बोलणे असे की ऐकणाऱ्याने घड्याळ विसरावे. हे त्यांचे देणे मान्य. पण १९८४ साली त्यांच्या काही अनुयायांनी ऑरेगनमधल्या द डॅल्स गावी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये रोगजंतू मिसळले. हेतू हा की निवडणुकीच्या दिवशी विरोधी मतदार अंथरुणात असावेत. ७५१ माणसे आजारी पडली. शिवाय स्वामींच्या ९३ रोल्स-रॉइस गाड्या होत्याच. भक्ताला विचारा. गाड्या? ती श्रीमंतीची थट्टा. विषबाधा? ते चेल्यांचे काम, आणि चेल्यांना मोकळे सोडले तीही गुरूंची शिकवण. जुळली तेरीज!

हसून सोडून दिले असते. पण आमच्या काउंटरवर मुदत ठेव मोडायला एक काकू आल्या होत्या. मुलगा आजारी, कुणा महाराजांचे अनुष्ठान सांगितलेले. मी भीत भीत विचारले, "काकू, गुण नाही आला तर?"

"तर माझी श्रद्धा कमी पडली असं समजायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "महाराजांनी आधीच सांगितलंय."

म्हणजे गुण आला तर महाराजांच्या जमेला, नाही आला तर काकूंच्या नावे. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकी पक्की दुहेरी नोंद मी पाहिलेली नाही. मुलाचे जे व्हायचे ते होवो, पण त्याचा दोष आईच्या खात्यावर आधीच लिहून ठेवणारा हा कारकून कोण? फॉर्मवर सही घेताना माझा हात थोडा जड झाला. नियमाप्रमाणे पैसे द्यावेच लागले.

गुरूंच्या धंद्यात उलटी नोंद करणारा एकच मोठा माणूस मला ठाऊक आहे. थिऑसॉफिस्टांनी लहानपणापासून जगद्गुरू म्हणून वाढवलेल्या कृष्णमूर्तींनी १९२९ साली हॉलंडमध्ये ओमेनला, हजारो अनुयायांसमोर, स्वतःसाठी उभारलेला संघच बरखास्त केला. देणगीत आलेल्या जमिनी वगैरे देणाऱ्यांना परत! मग १९८६ साली जाईपर्यंत, कुणाला गुरू करू नका म्हणून ते देशोदेशी सांगत हिंडले. आमचे हेडकॅशियर त्यांना फार मानतात. त्यांच्या फोटोला रोज सकाळी, न चुकता, हार घालतात.