वणव्यानंतरचे फाटक

अमेरिकेच्या पश्चिम भागातील सरकारी जंगलांत मोठा वणवा लागून गेला, की पुष्कळदा जळलेल्या भागात जाणाऱ्या रस्त्यांवर फाटके लागतात. वाहनांना बंदी होते, कधी काही महिने तर कधी काही वर्षे. या बंदीला कायद्याचा जुना आधार आहे. रस्ता सोडून रानात धावणाऱ्या वाहनांवर नियंत्रण ठेवण्याचा आदेश १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी काढला. अशा वाहनांमुळे माती, वनस्पती किंवा वन्यजीव यांची मोठी हानी होत असेल तर तो भाग ताबडतोब बंद करावा, अशी भर १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी त्यात घातली. जीपवाले, मोटरसायकलवाले आणि शिकारी मंडळी बंदीवर नाराज असतात. जमीन जनतेची, मग जनतेलाच मज्जाव का, असे ते विचारतात. बंदी योग्यच आहे असे आमचे मत आहे. मात्र ती ज्या पद्धतीने अमलात येते, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे.

आधी मातीकडे पाहू. पानांत आणि पालापाचोळ्यात मेणासारखे पदार्थ असतात. आगीत त्यांची वाफ होते. तिचा काही भाग जमिनीत उतरतो आणि खालच्या थंड मातीच्या कणांवर जाऊन बसतो. मग ते कण पाण्याला जवळ करीत नाहीत. कॅलिफोर्नियात डीबॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून याचा अभ्यास केला. माती साधारण १७५ ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर हा गुण वाढतो. २८० अंशांच्या वर तो नाहीसा होऊ लागतो. म्हणून फार तापलेला वरचा थर पाणी शोषतो, पण त्याच्याखाली काही सेंटिमीटरवर पाणी झिडकारणारा थर तयार झालेला असतो. पाऊस पडला की वरचा थर भिजतो आणि खालच्या थरावरून घसरू लागतो.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. कोरड्या मातीवर पाण्याचा थेंब अलगद ठेवा आणि सेकंद मोजा. पाच सेकंदांहून अधिक काळ थेंब तसाच राहिला, तर माती पाणी झिडकारते असे समजतात. वणवा गेलेल्या आणि न गेलेल्या अशा दोन्ही जागांची माती घ्यावी, आणि पृष्ठभागाखालचीही घ्यावी. आपल्याकडच्या गवताळ डोंगरावरून आग झपाट्याने पुढे सरकते, त्यामुळे फरक दिसेलच असे नाही. दिसला नाही तर का दिसला नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.

अशा उतारावर गळून पडलेल्या सूचिपर्णांचा पातळ थर आणि नुकते फुटलेले कोंब एवढेच काय ते मातीचे संरक्षण असते. चाक ते उखडते, मातीतील पोकळ्या दाबून बंद करते आणि मागे चाकोरी ठेवते. चाकोरीत पाणी एकवटते, वेग घेते आणि माती नेते. शिवाय दुसरा वाहनवाला हमखास त्याच चाकोरीतून जातो.

आता आमची तक्रार. दक्षिण-पश्चिम ऑरेगनमध्ये २००२ साली वीज पडून बिस्किट नावाने ओळखला जाणारा वणवा लागला. सुमारे पाच लाख एकर, म्हणजे दोन लाख हेक्टर क्षेत्र त्याच्या कक्षेत आले. पुढे काही भागांतील जळकी झाडे तोडून विकण्याचे ठरले. तोड चालू असलेल्या काही ठिकाणी सामान्य लोकांना बंदी होती. ओंडक्यांचे ट्रक मात्र जा-ये करीत होते. भरलेला असा ट्रक ३६ टनांपर्यंत असू शकतो, जीप दोनेक टनांची. ट्रक खडीच्या रस्त्यावरून जातो हे खरे, आणि बिस्किटमध्ये बरेच ओंडके हेलिकॉप्टरनेही उचलले गेले. पण तोडीचा परिणाम काय झाला?

ऑरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी डॅनियल डोनॅटो आणि सहकारी यांनी तो मोजला. तोड न झालेल्या जागी दर हेक्टरी सूचिपर्णी वृक्षांची ७६७ रोपे आपोआप उगवली होती. तोड झालेल्या जागी २२४ उरली, म्हणजे ७१ टक्के घट. माती विस्कटणे आणि फांद्यांखाली रोपे गाडली जाणे ही कारणे त्यांनी दिली. हा निबंध २००६ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला, तेव्हा त्याच विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी तो रोखण्याचा प्रयत्न केला आणि संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी खात्याने काही काळ अनुदान थांबवले. तोड उशिरा, रोपे उगवल्यानंतर झाली म्हणून इतके नुकसान झाले, असा आक्षेप नंतर घेतला गेला. तो विचारात घेण्याजोगा आहे. पण तो मान्य केला तर बंदीचा काळ रोपांच्या वाढीवरून ठरवावा लागेल आणि तो लाकूड नेणाऱ्यालाही लागू करावा लागेल.

वाहन कशासाठी आले आहे यावरून फाटक उघडत असेल, तर ‘मातीसाठी बंदी’ ही पाटी खोटी ठरते. जीपवाल्याचा राग त्यातूनच येतो आणि आम्हाला तो रास्त वाटतो. बंदी कोणत्या मोजमापावर उठणार, हेही पाटीवर हवे: मातीवरचे आच्छादन किती झाले, थेंब किती सेकंदांत मुरतो.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. याच मुलखात पोर्ट ऑर्फर्ड सीडार हा वृक्ष वाढतो. त्याला मुळांचा एक जीवघेणा रोग होतो. कोकणातील सुपारीच्या बागांत कोळेरोग आणणाऱ्या फायटोफ्थोरा या कुळातलाच त्याचा जंतू आहे. तो वाहत्या पाण्यातून आणि चाकांना लागलेल्या चिखलातून पसरतो. त्यामुळे तेथे पावसाळी महिन्यांत काही रस्त्यांची फाटके बंद ठेवण्याची आणि रानात शिरण्यापूर्वी वाहने धुण्याची पद्धत आहे. ओंडके ओढणारी यंत्रेही त्यात धुवावी लागतात.