चिठ्ठीतला पिंगळा, फांदीवरचा पिंगळा

संग्रहालयातल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी हा पक्षिशास्त्रातला सर्वात छोटा वाङ्मयप्रकार असावा. ठिकाण, तारीख, नर की मादी, आणि पक्षी कोणी मिळवला त्याचं नाव. कातड्याची सगळी किंमत या चार गोष्टींत. चिठ्ठी सुटली की उरतो तो कापूस भरलेला पिसांचा पुडका. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलाच्या संग्रहातल्या एका रानपिंगळ्याच्या, म्हणजे रानातल्या एका छोट्या घुबडाच्या, चिठ्ठीवर गुजरातेतल्या मांडवीचं नाव होतं आणि साल होतं १९१४. त्याआधीचा शेवटचा नमुना १८८४ चा. म्हणजे या एका चिठ्ठीनं रानपिंगळ्याचं आयुष्य तीस वर्षांनी वाढवलं आणि त्याचं घर तापीच्या काठानं गुजरातेत सरकवलं. पुढे सालिम अली, डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला तो या चिठ्ठीवर भरवसा ठेवून. पक्षी काही मिळाला नाही. मिळणार कुठून? चिठ्ठी खोटी होती.

ती खोटी ठरली कशी, हा वाचनाचा उत्तम नमुना आहे. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी माइनर्ट्झहागनच्या संग्रहातली कातडी एकेक करून हातात घेतली. चिठ्ठी बाजूला ठेवली आणि शिवण पाहिली. पक्षी सोलायचा कसा, आत काय भरायचं, टाके कुठे घालायचे, यात प्रत्येक संग्राहकाची आपली अशी सवय असते. मांडवीच्या त्या पिंगळ्यात सवय दिसत होती ती जेम्स डेव्हिडसन यांची. डेव्हिडसन मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी, १८८० च्या दशकात खानदेशात होते आणि तळोद्याच्या बाजूला त्यांनी रानपिंगळे मिळवले होते. त्यांतलाच एक ब्रिटनच्या संग्रहालयातून नाहीसा झाला, उसवला गेला, पुन्हा भरला गेला आणि नवं ठिकाण, नवं साल, नवा मालक घेऊन परत आला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात हे सगळं उलगडून दाखवलं. (कर्नलसाहेबांच्या युद्धातल्या शौर्यकथांबद्दलही पुढे अशाच शंका निघाल्या. माणूस मुळात गोष्ट रंगवणाराच.)

मला या प्रकरणात चोरीपेक्षा चिठ्ठीचा कोरडेपणा खुपतो. तिच्यात चूक काहीच नाही. ठिकाण शक्य कोटीतलं, साल शक्य कोटीतलं. पण तिला आजूबाजूच नाही. तो पक्षी कुठल्या झाडावर होता, काय करत होता, एकटा होता की जोडीनं, यातलं काही नाही. खरी चिठ्ठीसुद्धा इतकीच त्रोटक असते हे मान्य. पण खऱ्या संग्राहकाचं बाकीचं बोलणं त्याच्या टिपणांत, पत्रांत, नियतकालिकांतल्या लेखांत सांडलेलं असतं. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये हा पक्षी प्रथम वर्णिला तो त्यांच्या 'स्ट्रे फेदर्स'मध्ये, आणि ज्यांनी तो त्यांना मिळवून दिला त्या ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. त्या काळची ही नियतकालिकं, किंवा १८८६ पासून निघणारं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल, चाळायला घ्या. जर्नलच्या मागच्या पानांवर 'संकीर्ण टिपणं' असतात. एखाद्या जिल्ह्यात अवेळी दिसलेलं बदक, नेहमीच्या वाटेपासून दूर सापडलेला ससाणा, असलं काय काय तिथे असतं. लेखांपेक्षा मी ती टिपणं आधी वाचतो. शास्त्राच्या दृष्टीनं जे अनावश्यक, तेच त्यात नेमकं उरलेलं असतं आणि टिपण खरं वाटतं तेही त्याच्याच जोरावर.

नोव्हेंबर लागला की महाराष्ट्रात अशा टिपणांची सुगी येते. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळकडे होड्या निघू लागतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरला, जायकवाडीच्या नाथसागरावर दुर्बिणी लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकदंब असे नेहमीचे पाहुणे येतात आणि त्यांच्या गर्दीत एखादा कधी न येणारा. मग व्हॉट्सॲपवर 'आयडी प्लीज' सुरू होतं, कोणाचा 'लायफर' होतो, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी, कोणाला निदान 'रेकॉर्ड शॉट' मिळतो. या घाईला नावं ठेवायचा मला कंटाळा आहे. त्या घाईतूनच पुष्कळ नव्या नोंदी आल्यात. मात्र फोटो पक्षी दाखवतो आणि बाकी सगळं कापून टाकतो. चौकटीबाहेर कोण होतं, पक्षी आधी कुठून आला, तो बसला तेव्हा टिटवी ओरडली का, हे फोटोत येत नाही आणि फोटो आहे म्हणून लिहिलंही जात नाही.

म्हणून १९९७ च्या नोव्हेंबरातल्या त्या नोंदीकडे मी पुन्हा पुन्हा जातो. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली. हाती काही लागलं नाही. मग ते खानदेशात शहाद्याजवळ आले, सातपुड्याच्या पायथ्याशी, डेव्हिडसन यांच्या मुलखात. मांडवीला जायचं कारणच उरलं नव्हतं. खोटी नोंद गाळली की खरी वाट आपोआप मोकळी होते. २५ नोव्हेंबरच्या सकाळी तो दिसला. आधी किंग यांना दिसला. नमुन्यांचा हिशेब धरला तर ११३ वर्षांनी. आणि बसला होता कुठे? दाट पानांत, ढोलीत, अंधारात नव्हे. एका उघड्या फांदीवर, उन्हात.

आता त्या फांदीकडे जरा सावकाश पाहू. आपल्याकडे पिंगळा म्हटला की तो ठिपक्याठिपक्यांचा, वळचणीला किंवा वडाच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला चिरक्या आवाजात ओरडत बाहेर पडणारा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, पाठीवरही असतात. रानपिंगळा ओळखायचा तर आधी जे नाही ते पाहावं लागतं. डोकं गडद करडं-तपकिरी आणि जवळजवळ कोरं. पाठही तशीच. पक्षिनिरीक्षणात ही फार अवघड गोष्ट आहे, कारण डोळा ठिपके शोधत जातो आणि सापडले नाहीत तर ऊन, अंतर, कोन यांना दोष देतो. कोऱ्या डोक्यावर विश्वास बसायला थोडा वेळ जावाच लागतो. मग नजर खाली येते. छातीवर रुंद तपकिरी पट्टा, जवळजवळ सलग. त्याखाली एकदम स्वच्छ पांढरं पोट. पंखांवर आणि शेपटीवर ठळक, रुंद पट्टे. आणि शेवटी पाय. जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले, त्या लहानशा देहाला न शोभणारे. नखंही तशीच दणकट. सरडे आणि उंदीर धरणारा, दिवसाउजेडी शिकार करणारा पक्षी आहे हे पाय पाहून कळतं. मधूनच शेपूट डावी-उजवीकडे झटकतो.

या वर्णनातला क्रम मला आवडतो. आधी अभाव, मग रंग, मग पट्टे, मग पाय, मग हालचाल. संग्रहालयातल्या कातड्यावर पहिले चार कोणालाही दिसतील. पाचवं फक्त जिवंत पक्ष्याकडे असतं. रासमुसेन बाईंनी त्याआधी वर्षानुवर्षं मेलेले रानपिंगळे हाताळले होते. जगात जेमतेम सात नमुने, आणि त्यांतही एक बनावट शिक्का मारलेला. त्या सात कातड्यांपैकी एकालाही शेपूट हलवता येत नव्हती.

माझं एक मत इथे सांगून टाकतो, पटलं नाही तरी चालेल. या शोधाचं वर्णन बहुतेक ठिकाणी 'नामशेष पक्षी परत सापडला' असं केलं जातं. पक्षी कुठे गेला नव्हता. तो सातपुड्यातल्या सागाच्या झाडांवर सकाळचं ऊन खात बसला होता आणि खाली गुरं चारणारे, लाकडं तोडणारे येत-जात होते. त्यांच्या नजरेला तो पडलाच असणार. फक्त त्यांच्या पाहण्याला कोणी चिठ्ठी बांधली नव्हती. नंतर नेमकं काय शोधायचं ते कळल्यावर तो तोरणमाळात, यावलमध्ये, मेळघाटात सापडत गेला. २०१४ मध्ये तर सातपुड्यापासून दूर, मुंबईच्या इतक्या जवळ, तानसा अभयारण्यात. तानसाच्या नोंदीनं अनेकांची झोप उडवली, कारण पुस्तकातला नकाशा तिथं पोचतच नव्हता.

रानपिंगळ्याच्या बाबतीत सगळं शेवटी निश्चित झालं. हिवाळ्यातल्या बहुतेक चांगल्या नोंदी तशा नसतात, आणि त्यांची गोडी वेगळी. ज्वारी-हरभऱ्याच्या रानावर, सोलापूरकडच्या गवताळ माळांवर भोवत्ये येतात. मध्य आशियातून आलेला हा शिकारी जमिनीपासून हातभर उंचीवर, पंख किंचित वर धरून, गवत चाळत जातो. फिकट भोवत्याचा नर पांढुरका, पंखांच्या टोकांना काळी पाचर. त्याच्याबद्दल वाद नाही. मॉन्टेग्यूच्या भोवत्याचा नर जरा गडद, पंखावर एक काळी रेघ, त्याच्याबद्दलही नाही. गोंधळ उडवतात त्या दोघांच्या माद्या आणि पिल्लं. सगळी तपकिरी, सगळ्यांच्या कमरेला पांढरा पट्टा, सगळी सारखीच भुरकन जाणारी. मग चेहरा पाहावा लागतो. फिकट भोवत्याच्या पिल्लाच्या मानेवर फिकट कंठी असते आणि तिच्या मागे गडद पट्टी. मॉन्टेग्यूच्या पिल्लाला अशी कंठी नसते. हे वाचायला सोपं. पण पक्षी तोंड फिरवून उलट्या दिशेला जात असतो, सूर्य मावळतीला असतो, आणि सगळ्या माळावर तुम्ही एकटेच असता. अशा वेळी जो निरीक्षक वहीत 'भोवत्या, फिकट किंवा मॉन्टेग्यू, मान दिसली नाही' असं लिहितो, त्याचं मला फार कौतुक वाटतं. 'मान दिसली नाही' या तीन शब्दांत तो माळ, ती वेळ आणि तो माणूस तिघंही आहेत. माइनर्ट्झहागनला हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या ॲपवर आज कोणीही यादी टाकू शकतो, आणि त्या ठिकाणी, त्या महिन्यात न बसणारा पक्षी भरला तर ॲप तपशील मागतं. मग त्या भागातले जाणकार ती नोंद तपासतात. ती तपशिलाची रिकामी चौकट म्हणजेच आपल्या काळातलं संकीर्ण टिपण. बहुतेक जण तिथे 'फोटो पाहा' लिहितात. थोडे लोक चार ओळी लिहितात आणि त्या ओळींसाठी याद्या वाचायचं मला व्यसन लागलंय.

काही नोंदींत मात्र तपशील जवळपास नसतो आणि तरी त्या पुरतात, कारण तारीखच सगळं बोलते. लोणावळ्याच्या आसपास नोव्हेंबर-डिसेंबरात दिसलेला अमूर ससाणा घ्या. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पूर्व आशियातून निघून, नागालँडमध्ये थांबून, भारत ओलांडून तो सह्याद्रीच्या माथ्यावर येतो. पुढे अरबी समुद्र, सुमारे तीन हजार किलोमीटर, मध्ये बसायला काही नाही. त्याच सुमाराला भटके चतुरही त्याच वाऱ्यावर समुद्रापार जातात, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं, आणि ससाण्याला वाटेत त्यांचाच आधार मिळत असावा असा अंदाज आहे. 'लोणावळा, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, संध्याकाळी चतुर पकडत होता' एवढं कोणी लिहिलं की पुरे. त्यात मागचा आशिया आहे आणि पुढचा समुद्रही.

दुर्मिळाच्या या कौतुकात एक अन्याय मात्र होतो. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात, माळ्यावरून गोफण फिरते, हाकारे होतात, आणि वहीत त्यांच्यापुढे नुसता आकडा पडतो, तोही अंदाजाचा. गुलाबी पाठीची, काळ्या डोक्याची ही पाखरं मध्य आशियातल्या, त्याहीपलीकडच्या पश्चिमेतल्या गवताळ प्रदेशातून आलेली असतात. हीच एखाद्या युरोपीय बेटावर एकटी उतरली तर तिथले लोक मोटारी घेऊन धावतात. आपल्याकडे तिच्याबद्दल शेतकऱ्यानं घातलेल्या शिव्याच काय त्या तपशीलवार.

सध्या माझ्यासमोर हर्णैची एक यादी आहे. मासळीच्या लिलावाच्या वेळी किनाऱ्यावर कुरव जमतात. तपकिरी डोक्याचे पुष्कळ, काळ्या डोक्याचे काही. त्यांच्या मागे एक मोठा, पाठ राखाडी, पाय पिवळे. या मोठ्या कुरवांनी भल्याभल्यांची दांडी उडवलीय. पिसं झडण्याचा काळ, पाठीची छटा, चोचीची जाडी, सगळं एकमेकांत मिसळतं. लिहिणाऱ्यानं जात न ठरवता 'मोठा कुरव, एक' असं नोंदवलंय. खाली तपशिलात आहे: सुरमईच्या ढिगाजवळ उभा, कावळ्यांना घाबरत नव्हता, डावा पाय उचलून ठेवला होता, लिलाव संपेपर्यंत तिथेच. तपासणाऱ्या जाणकारानं विचारलंय की उडताना पंखाची टोकं पाहिली का. उत्तर अजून आलेलं नाही.